एक स्वर, दोन वाटा

शास्त्रीय गायनाची मैफल मंडपातील श्रोत्यांना ऐकवायची असते आणि त्याच वेळी तिचे ध्वनिमुद्रणही व्हायचे असते, तेव्हा गायकासमोर मायक्रोफोनांची दाटी करण्यापेक्षा एकाच मायक्रोफोनचा संदेश ध्वनिवर्धनाच्या मिक्सरकडे आणि ध्वनिमुद्रकाकडे असा दुभागून पाठविणे श्रेयस्कर ठरते. हा संदेश मुळात काही सहस्रांश व्होल्टचा, म्हणजे अत्यंत दुर्बळ. तरीही साध्या तारेला दोन फाटे फोडून तो विभागला, तर त्याची प्रबलता फारशी घटत नाही. अनर्थ ओढवतो तो निराळ्याच मार्गाने.

मंडपातील मिक्सर आणि दूरच्या खोलीतील ध्वनिमुद्रक यांना वीज बहुधा वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळते, आणि कागदोपत्री दोहोंचे अर्थिंग शून्य व्होल्टचे असले तरी प्रत्यक्षात त्यांत किंचित अंतर असतेच. मायक्रोफोनच्या तारेवरील धातूचे जाळीदार आवरण ही दोन अर्थिंगे परस्परांशी जोडते, त्यासरशी एक बंद वलय तयार होते, आणि त्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहामुळे ५०, १००, १५० हर्ट्झची अखंड घरघर स्वरात मिसळते. गायकाच्या षड्जाशी तिचे काहीच नाते नसल्याने तानपुऱ्याच्या नादात ती अधिकच खुपते. आणि डग्ग्याचा घुमारा याच मंद्र प्रदेशात वसत असल्यामुळे, मागाहून ती गाळू पाहणाऱ्याला घुमाऱ्याचाही काही अंश गमवावा लागतो.

यावरील खात्रीचा उपाय मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर उभा आहे. स्प्लिटर नावाच्या पेटीतून एक वाट मिक्सरकडे सरळ जाते, तर दुसरी ट्रान्सफॉर्मरमधून. तेथे एका वेटोळ्यातील बदलता प्रवाह चुंबकीय क्षेत्राच्या द्वारे दुसऱ्या वेटोळ्यात तसाच प्रवाह उत्पन्न करतो, म्हणजे स्वर पलीकडे पोहोचतो, परंतु संदेशाच्या तारांचा धातूचा दुवा तुटलेला राहतो. मग ध्वनिमुद्रकाकडील आवरणाची जोडणी ‘ग्राउंड लिफ्ट’ खटक्याने सोडविली, की ते वलयही उरत नाही. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा मात्र एकदिश असल्याने ट्रान्सफॉर्मर ओलांडू शकत नाही. सबब तो सरळ वाटेवरील मिक्सरनेच पुरविला पाहिजे.

घरघर थांबविण्यासाठी यंत्राच्या प्लगातील अर्थिंगची पिनच काढून टाकण्याची रीत जीवघेणी आहे; कारण यंत्रात बिघाड होऊन विजेचा दाब त्याच्या धातूच्या कवचावर आला, तर तो माइक हाती धरणाऱ्या कलावंताच्या देहातूनच जमिनीकडे वाट काढील. सोडवायची ती ट्रान्सफॉर्मरपलीकडील आवरणाची जोडणी. यंत्राचे अर्थिंग कदापि नव्हे.

रंगलेली मैफल जशीच्या तशी पुन्हा होत नाही. म्हणून मंडप, वीज आणि ध्वनिव्यवस्था यांच्या करारनाम्यात आयोजकांनी ट्रान्सफॉर्मरयुक्त स्प्लिटरची तजवीज स्वतंत्र कलमाने लिहून घ्यावी, आणि श्रोते येण्यापूर्वी, मंडपातील सारे दिवे लावून, मिक्सर व ध्वनिमुद्रक या दोन्ही टोकांना स्वर स्वच्छ पोहोचतो आहे याची जबाबदार माणसाकडून खातरजमा करून घ्यावी.