पासिंग झाले, घाटाचे काय?

मुरबाड-शहापूरकडच्या गावांत एक समज घट्ट बसला आहे. गाडीला पंधरा वर्षे झाली की ती भंगारात. या समजापायी कोणी चांगली चालती गाडी मातीमोल भावाने काढून टाकतो, तर कोणी खरोखर खिळखिळी झालेली गाडी मुदत संपलेल्या कागदांवर आडरस्त्याने चालवत राहतो. दोघांचेही नुकसान होते, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसणाऱ्यांच्या तर जिवाशी खेळ होतो.

मुळात हा समजच खरा नाही. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि परिसरापुरती आली. तिथल्या हवेपायी आधी राष्ट्रीय हरित लवादाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश दिले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा जो नियम झाला, तो सरकारी मालकीच्या गाड्यांचा. महाराष्ट्रातल्या खासगी मोटारीला वयाची अशी अट नाही. पंधरा वर्षांनी कायदा एवढेच विचारतो, की गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का? असेल तर नोंदणी आणखी पाच वर्षे वाढते, आणि त्यानंतर पुन्हा पाच.

खरा घोळ आहे तो तपासणी कोणाची आणि कधी होते यात. पिवळ्या पाटीची, म्हणजे प्रवासी किंवा मालवाहतुकीची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंगला जाते. आठ वर्षे उलटली की दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची पहिली सरकारी तपासणी मात्र थेट पंधराव्या वर्षी. मधल्या काळात पीयूसी तेवढी लागते, आणि पीयूसी धूर पाहते, ब्रेक पाहत नाही. आता आपल्याकडचे चित्र डोळ्यांसमोर आणा. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीच्या फेऱ्या मोजक्या, वाड्या-पाड्यांपर्यंत तर त्याहून कमी. मग टोकावडे, धसई, म्हसा, किन्हवली, डोळखांब या रस्त्यांवर पांढऱ्या पाटीच्या ओम्नी आणि इको माणसे भरभरून धावतात. रोज दोन-चार फेऱ्या, गाडीत आठ-दहा जण, आणि कायद्याच्या लेखी ती घरगुती गाडी. म्हणजे ज्या गाडीची दरवर्षी तपासणी व्हायला हवी, तीच सगळ्यात कमी तपासली जाते. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत रात्री कोणाला साप चावला किंवा बाईला कळा सुरू झाल्या, तर मुरबाड गाठायला हीच गाडी असते. म्हणून ती मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. ती धड असली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

शहरातून तेरा-चौदा वर्षांची गाडी विकत आणणारे आपल्याकडे पुष्कळ. मुंबई-ठाण्यात पार्किंगची अडचण असते, मालकाला नवी गाडी घ्यायची असते आणि जुनी स्वस्तात मिळते. ती गाडी अर्धे आयुष्य खाडीच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली असते, आणि इथे आल्यावर तिच्या नशिबी चार महिन्यांचा धो धो पाऊस आणि लाल चिखल. मडगार्डच्या आतल्या घडीत चिखल साचला की तो आठवडाभर ओला राहतो आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग चकचकीत असला तरी भुलू नका. चाकावरच्या कमानीला आणि दाराखालच्या पट्टीला साधे लोहचुंबक लावून पाहा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा खाल्ला गेलेला आहे आणि वर लांबी भरून रंग मारला आहे.

म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात पासिंगच्या आधीची तयारी चालते, ती बघण्यासारखी असते. मिस्त्री इंजिनाला हातही लावत नाही. आधी गाडी जॅकवर चढवतो, स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन खालून पत्रा ठोकत जातो आणि आवाज ऐकतो. खणखणीत आवाज आला तर पुढे सरकतो. जिथे बदबद वाजते तिथे टोक दाबतो, आणि कधी कधी ते टोक आरपार जाते. मग पुढचे चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवतो. खडखड वाजले तर बॉल जॉइंट नाहीतर टाय रॉडचे टोक गेले. मागचा ड्रम उघडला की व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसते, म्हणजे ब्रेक ऑइल गळून लायनरवर येते आहे. हँडब्रेकची केबल तर बहुतेक जुन्या गाड्यांत गंजून अडकलेलीच असते, कारण लोक हँडब्रेक लावायचा सोडून चाकाखाली दगड ठेवतात. शेवटी चेसिस नंबर. त्यावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतात. आपल्या दमट हवेत त्या आकड्यांवर गंज चढतो आणि ठसा धूसर येतो. गाडी ठणठणीत असूनही नंबर वाचता येत नाही म्हणून मालकाला हेलपाटे पडतात. त्या जागी दरवर्षी थोडे ग्रीस चोळून ठेवले तर हा त्रास टळतो.

आरटीओत निरीक्षक काय पाहतो, याचे नियम बरेच नेमके आहेत. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. स्टिअरिंग मोकळे फिरते ते ३० अंशांपेक्षा जास्त नको. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. शिवाय दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, रिफ्लेक्टर. या बाबींत नापास झालेली गाडी दुरुस्त करून पुन्हा नेता येते, ती कायमची बाद होत नाही. या तपासण्या पूर्वी पुष्कळ ठिकाणी वरवर उरकल्या जात. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि न्यायालयाने ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच असे बजावले, तेव्हा कुठे राज्यभर ट्रॅक उभारण्याची धावपळ सुरू झाली. एका नागरिकाने चिकाटीने केलेले हे काम मोठे आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसे माहीत नाही.

पण तो ट्रॅक सपाट असतो, आणि आपले रस्ते माळशेज आणि कसारा घाटांचे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी हळूहळू शोषून घेते. बाटलीवर डॉट ३ लिहिलेले ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरलेली चालते असे मानक सांगते. भरलेली इको माळशेज उतरताना न्यूट्रलवर किंवा वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर सोडली, की ड्रम आणि डिस्क तापत जातात. जुने तेल उकळते, नळीत वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जाते. सकाळी हीच गाडी सपाट ट्रॅकवर तेरा मीटरच्या आत थांबलेली असू शकते. पासिंगचा दाखला त्या दिवसाचा, त्या जागेचा. घाटातली हमी त्यात नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्याचा खर्च हजाराच्या आसपास येतो, तरी जुन्या गाडीत सगळ्यात जास्त हयगय याच कामाची होते.

ब्रिटनमध्ये १९६० साली एमओटी नावाची तपासणी सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांच्या गाड्यांपुरती होती. १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवर आली, आणि आता तिथली खासगी मोटार तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तपासली जाते. जपानमध्ये नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. ब्रिटनची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे पास झालेल्या गाडीलाही सूचना लिहून मिळतात. हा टायर झिजत आला आहे, तो पाइप गंजतो आहे, लक्ष ठेवा. हा सगळा इतिहास गाडीचा नंबर टाकून कोणालाही पाहता येतो, त्यामुळे जुनी गाडी घेणारा आंधळेपणाने पैसे मोजत नाही. आपल्याकडे एमपरिवाहन ॲपवर नोंदणी, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते, एवढे तरी गाडी घेण्याआधी पाहाच. गाडीच्या अंगात काय दुखणे आहे, ते मात्र तिथे कळत नाही.

खर्चाचेही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण सौदा करताना तो कोणी धरत नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते दहा हजार केले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी पेट्रोल गाडीला तीन हजार, डिझेलला साडेतीन हजार. मुदत उलटली तर दरमहा विलंब शुल्क वेगळे. दर बदलत असतात, म्हणून अर्जाआधी परिवहनच्या पोर्टलवर पाहून घ्या. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली की वर्षभरात किमान आठ हजार सरकारी आणि गॅरेजचे त्याहून जास्त लागणार, हे धरूनच भाव बोला. नोंदणी संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग आयुष्यभराची जमा एका दिवसात जाते.

मुरबाडची गाडी एमएच ०५, म्हणजे तपासणी कल्याणच्या कार्यालयाची. सिद्धगडाकडच्या वाडीतून तिथे जायचे तर पूर्ण दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. पासिंग टाळण्यामागे कामचुकारपणा जितका आहे, तितकेच हे अंतरही आहे. परिवहन खात्याने मुरबाड आणि शहापुरात ठरावीक दिवशी, ब्रेक तपासण्याच्या फिरत्या यंत्रासह, पांढऱ्या पाटीच्या जुन्या गाड्यांसाठीही तपासणी ठेवावी. दंड न लावता, ब्रिटनसारख्या लेखी सूचना देऊन. त्यासाठी ग्रामपंचायतींनी ठराव करून मागणी लावून धरली पाहिजे.

ते होईपर्यंत हे काम आपल्याच हाती आहे. जानेवारीत सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हुतात्मा हिराजी पाटील यांना अभिवादन करायला माणसे येतात, म्हशाची यात्रा भरते आणि सगळ्या गाड्या एकदम रस्त्यावर येतात. त्याआधी, पाऊस ओसरून रस्ते सुकले की, आपली जुनी गाडी एकदा जॅकवर चढवा. खालचा पत्रा, मागचे ड्रम, चारही टायर आणि ब्रेक ऑइल एवढे मिस्त्रीकडून बघून घ्या आणि तारीख टाकून वहीत लिहून ठेवा.