सांभाळणाऱ्यांनाही सांभाळायला हवे

आमचा चिरंजीव बौद्धिक दिव्यांग आहे. वय चौदा, अंगाने थोराड, बोलणे चार-पाच शब्दांचे. मागे एकदा त्याने केंद्रातल्या ताईंच्या हाताला कडकडून चावा घेतला. फोन आला तेव्हा आम्ही उभयतांनी एकच विचारले, "त्याला काही लागले नाही ना?" दुसऱ्या दिवशी ताई हाताला पट्टी बांधून नेहमीसारख्या हसत दारात उभ्या. तेव्हा कुठे आम्हाला आमचीच लाज वाटली.

अमिरातीत या मुलांसाठी चांगले काम उभे राहिले आहे. शारजातील 'सिटी फॉर ह्युमॅनिटेरियन सर्व्हिसेस' १९७९ पासून, तर दुबईचे 'अल नूर' १९८१ पासून कार्यरत आहे. २००६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाही झाला. पण हे सारे पेलतात ती वर्गातली माणसे. त्यांतली पुष्कळशी आपल्यासारखीच घरदार मागे ठेवून आलेली. एक बटण लावायला शिकवण्यात महिनेच्या महिने जातात. मार खाऊनही रागवायची सोय नाही. संध्याकाळी चौघींच्या खोलीवर परतल्यावर मन मोकळे करायला माहेर जवळ नाही.

अशाने माणूस आतून आटतो. मग त्याला थकवा येतो, मुलांविषयी कोरडेपणा येतो, आपल्या कामाचा उपयोग काय असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याचे मूळ कामाच्या जागच्या, आवर न घातलेल्या सततच्या ताणात असल्याचे नमूद केले. तेव्हा "मन घट्ट करा" एवढा उपदेश पुरत नाही.

मग काय उपयोगी पडते? ब्रिटनमध्ये स्टीव्ह नून आणि रिचर्ड हेस्टिंग्ज यांनी अशा कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. त्रासदायक विचार दडपायचे नाहीत, ते आले आहेत हे ओळखायचे आणि आपल्याला मोलाचे वाटणारे काम करत राहायचे, हा त्यांचा गाभा. कामातले ताण होते तेवढेच राहिले, मनस्ताप मात्र कमी झाला. आमच्या ताईंचा अनुभव अधिक साधा आहे. त्या दिवशी सहकारी बाईंनी वर्ग हाती घेतला, त्यांना चहा दिला आणि आधी त्यांची विचारपूस केली. अहवाल नंतर लिहिला. "चावणे हा माझा अपमान नाही, ते त्याचे बोलणे आहे, हे मनाला पटले की दुसऱ्या दिवशी यायला बळ येते," असे त्या म्हणाल्या.

आणि ते बोलणे कशाचे होते? आदल्या रात्री तो कान दुखून झोपलाच नव्हता. आम्हाला ते ठाऊक होते, पण सकाळच्या घाईत डायरीत लिहायचे राहिले!

आता आम्ही रोज दोन ओळी लिहितो: झोप, जेवण, दुखणेखुपणे. मुलाला आणायला गेलो की आधी विचारतो, "ताई, तुमचा दिवस कसा गेला?" ज्यांची मुले अशा केंद्रांत जातात त्या सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे, एवढे तरी करून पाहावे. गणपतीच्या आरतीला आणि दिवाळीच्या फराळाला या मंडळींना आवर्जून घरी बोलवावे. त्यांचे मन टिकले, तरच आपल्या मुलांचा आधार टिकेल.