उजनीपासून टिपाडापर्यंत

सोलापूरच्या पाण्याचा मागोवा घ्यायचा, तर दुष्काळांच्या सनावळीपेक्षा पाणी किती लांबून आणावे लागले, याची नोंद अधिक बोलकी आहे. सिद्धरामेश्वरांचे तळे गावातच, भुईकोट किल्ल्याला लागून. एकरूखचा तलाव, सोलापूरकरांचा हिप्परगा, सात-आठ किलोमीटरवर. अदिला नदीवर बांध घालून इंग्रज सरकारने तो १८७१ मध्ये पुरा केला. मग दक्षिण सोलापुरातल्या टाकळीहून भीमेचे पाणी आले आणि पुढे शंभरावर किलोमीटर अंतरावरच्या उजनीहून थेट जलवाहिनी. दर टंचाईनंतर शहराने हात आणखी लांब केला.

एकरूख पुरा होऊन पाच वर्षे होतात न होतात, तोच १८७६ चा दुष्काळ आला. त्याच्या कामांतून मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव उभा राहिला. पोटासाठी माती वाहायची आणि त्यातून तळे व्हायचे, ही रीत १९७२ मध्येही चालली. खडी फोडणे, सुकडी, मिलो यांच्या आठवणी घरोघरी आहेत. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाझर तलाव आणि नालाबांध झाले. पण याच दुष्काळाने कातळ भेदणारी बोअरची यंत्रेही गावोगाव नेली. हापशाने बायकांची पायपीट वाचवली खरी. पुढे तसल्याच बोअरमध्ये विजेचा पंप उतरला आणि पाझर तलावाने मुरवलेले पाणी त्याहून वेगाने वर येऊ लागले.

१९८० मध्ये उजनी पूर्ण झाली. सुमारे ११७ टीएमसीचे धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. पाणी दिसताच ऊस आला. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात मालदांडी ३५-१ हे कमी ओलीवर तग धरणारे ज्वारीचे वाण निवडले गेले. आज त्याच तालुक्यात साखर कारखान्यांची धुराडी आहेत. म्हणून २०१२-१३ च्या दुष्काळात जुनी माणसे म्हणत, बहात्तरला धान्य नव्हते, आता पाणी नाही. उजनीत वरच्या धरणांतून पाणी सोडावे, यासाठी मोहोळचा एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसला. मृत साठ्याला हात लागला, की 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य तेव्हापासून घराघरांत बोलले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली उतरली.

जानेवारी २०१६ मध्ये सोलापूर देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत आले. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, याच जिल्ह्यातून, धावत होती. शहरात तेव्हाही नळ काही दिवसांआड यायचा. टाकळीसाठी भीमेवरचा औज बंधारा भरायचा, तर उजनीतून नदीत पाणी सोडावे लागते. ते टिकावे म्हणून काठच्या मोटारींची वीज तोडतात, तरी झिरपून, आटून आणि उपसून शहराच्या वाट्याला सोडलेल्यातला थोडाच हिस्सा उरतो.

ही तूट भरून निघते ती घरात. टिपाड, सिंटेक्स, घागरी, पातेली असे जे रिकामे असेल ते भरून ठेवायचे आणि तेवढ्यावर चार-पाच दिवस काढायचे. शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते; नळाच्या दिवशी तिच्या विड्या कमी पडतात आणि पाणीपट्टीखेरीज हीही किंमत तिच्या माथी येते. या खर्चाची नोंद कुठल्याच योजनेच्या अंदाजपत्रकात नसते.

उलटी वाट बार्शी तालुक्यातल्या सुर्डीने दाखवली. गावाने श्रमदानाने आपल्याच शिवारात पाणी अडवले आणि २०१९ च्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. स्पर्धेने दुष्काळ संपत नाही आणि लाखोंचे शहर एका शिवाराच्या पाण्यावर जगणारही नाही. म्हणून उजनीहून समांतर जलवाहिनी हवीच. पण हिप्परग्याचा गाळ, गळक्या वाहिन्या, छतावरून गटारात जाणारे पावसाचे पाणी, हे सगळे शहराच्या हाताशी आहे आणि त्यासाठी कुठल्या धरणाच्या आवर्तनाची वाट पाहावी लागत नाही. नवी वाहिनी किती टीएमसी आणते, यापेक्षा दोन नळांमधले दिवस किती घटतात, यावरच तिची परीक्षा व्हायला हवी.