पानांचे रंग व वाटसरूंचा धर्म

इ. स. १८१३ सालीं जे पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, त्यांपैकीं गॉर्डन हॉल हे मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रांताचे. या प्रांतांत सप्टेंबरअखेरपासून अरण्येंच्या अरण्यें पिवळीं, नारिंगी व तांबडीं होतात. तीं पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक मोटारींतून येतात आणि वाटेंत जागोजाग थांबून झाडांचीं छायाचित्रें घेतात. हे रंग येतात कोठून व ते टिपावे कसे, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

पान हिरवें दिसतें तें हरितद्रव्यामुळें. तें उन्हांत सतत झिजतें व झाड तें सतत नवें करीत असतें. दिवस लहान होऊन गारठा पडूं लागला म्हणजे झाड हें काम आवरतें घेतें. पानांतील नत्रासारखीं मोलाचीं द्रव्यें तें परत फांद्यांत ओढून घेतें आणि देठाच्या बुडाशीं एक पडदा तयार होऊं लागतो. पुढें त्याच जागीं पान सुटून पडतें. हिरवा रंग ओसरला कीं पानांत पहिल्यापासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. भूर्जवृक्षांचा पिवळेपणा तो हाच. मेपल वृक्षाचा तांबडा रंग मात्र निराळा. तो त्या दिवसांत पानांत राहिलेल्या साखरेच्या साहाय्यानें नव्यानें तयार होतो. म्हणून दिवसां स्वच्छ ऊन व रात्रीं बेताचा गारवा असला म्हणजे तो विशेष खुलतो. आपल्याकडील कुसुंबाची वसंतांतील तांबडी पालवी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याच जातीचा रंग परिचित आहे.

न्यू हॅम्पशायर संस्थानांत कॉनवेपासून लिंकनपर्यंत सुमारें ३४ मैलांचा कँकामॅगस नांवाचा रस्ता व्हाइट पर्वतांतून जातो. त्यावर मोटारी उभ्या करण्यास ठिकठिकाणीं मोकळ्या जागा राखल्या आहेत. तेथें उतरून सूर्य पानांच्या मागें येईल असें उभें राहावें. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशांत रंग दिव्यासारखे उजळतात. ढगाळ दिवसही वाया जात नाहीं. मऊ प्रकाशांत रंग गडद दिसतात आणि ओल्या पानांची चकाकी भिंगापुढें ध्रुवणाची कांच लावून कमी करतां येते.

परंतु थांबण्यासही मर्यादा हवी. व्हरमाँट संस्थानांतील पॉम्फ्रेट या खेड्यांत एक खाजगी शेतवाडी आहे. तिच्या छायाचित्रांची कीर्ति पसरली आणि शरदांत तेथें झुंबड उडूं लागली. लोक अरुंद रस्ता अडवीत, परक्याच्या आवारांत शिरत. अखेर २०२३ सालीं गांवकऱ्यांनीं २३ सप्टेंबरपासून १५ ऑक्टोबरपर्यंत तो रस्ता बाहेरच्या मोटारींस बंद करविला. ज्यांनीं रंग पाहावयास यावें, त्यांनींच आपल्यामागून येणाऱ्यांची वाट बंद केली!

विद्यार्थिमित्रहो, आपणही सहलीस जातां, पळस फुललेला पाहून वाटेंत थांबतां. अवश्य थांबा, न थांबतां जो जातो तो कांहींच पाहत नाहीं. मात्र गाडी रस्त्याच्या कडेस नीट उभी करावी, कुंपणाबाहेर राहावें, मालक दिसल्यास त्याची परवानगी मागावी व फांदी मोडूं नये. झाडाचा रंग सर्वांचा आहे. पण ज्या जमिनींत तें उभें आहे, ती कोणाच्या तरी कष्टाची आहे.