१८० मिनिटांची चार वर्षं

११ एप्रिल २००१. ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरमध्ये विश्वचषक पात्रता फेरीचा सामना संपला, तेव्हा गुणफलकावर ३२-० असा आकडा होता. फलक हलवणाऱ्यांचीच मोजदाद चुकली होती. पंचांच्या नोंदीप्रमाणे ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआवर ३१ गोल केले, त्यातले १३ एकट्या आर्ची थॉम्पसनचे. दोनच दिवस आधी त्याच ऑस्ट्रेलियाने टोंगावर २२ चढवले होते. पासपोर्टच्या घोळामुळे अमेरिकन सामोआचे बहुतेक नेहमीचे खेळाडू अपात्र ठरले होते आणि पोरसवदा मुलं मैदानात उतरवावी लागली होती. पण तो तपशील कुणाच्या लक्षात राहिला नाही, आकडा राहिला. छोट्या संघांची आधी आपापसात चाळणी लावा, मग उरलेल्यांना मोठ्यांसमोर उभं करा, असं म्हणणाऱ्यांच्या हाती हा आकडा आयताच लागला. ओशनियात पुढच्याच वेळी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला पहिल्या टप्प्यातून वगळलं. आशियात २००६च्या विश्वचषकापासून तळाच्या संघांसाठी दोन सामन्यांची बाद फेरी आली: एक आपल्या घरी, एक त्यांच्या. गेल्या पंचवीसेक वर्षांचा हिशेब मांडला तर चाळणीची कल्पना चुकीची वाटत नाही. चुकलं ते तिचं भोक. दोन सामन्यांत देश बाहेर काढणारी फेरी दुबळ्यांना नामुष्कीतून सोडवते खरी, पण त्यांना ज्याची खरी गरज असते, म्हणजे बरोबरीच्या संघांशी भरपूर आणि नेमाने खेळायला मिळणं, तेच हिरावून घेते.

याचा सगळ्यात जवळचा दाखला भारताचाच आहे. ऑक्टोबर २००७मध्ये भारताने लेबनॉनमध्ये १-४ असा मार खाल्ला आणि महिनाअखेरीस मडगावच्या फातोर्डा मैदानावर २-२ अशी बरोबरी केली. झालं, संपला विश्वचषक. पुढचा पात्रता सामना उजाडला जुलै २०११मध्ये, अल ऐनला, संयुक्त अरब अमिरातींविरुद्ध. पहिल्या अर्ध्या तासातच गोलरक्षक सुब्रत पालसह दोघांना लाल कार्ड मिळालं, ०-३ असा पराभव झाला, दिल्लीत परतीच्या सामन्यात २-२ झाले आणि पुन्हा मार्च २०१५पर्यंत सामसूम. एका अख्ख्या पिढीच्या वाट्याला विश्वचषकाचे चार सामने आले आणि त्यातल्या तिसऱ्याचा निकाल दोन लाल कार्डांनी लावला. साखळीत अशी एखादी वाईट संध्याकाळ पुढे भरून काढता येते. बाद फेरीत तिची किंमत चार वर्षं असते.

२०१५मध्ये गुवाहाटीत सुनील छेत्रीच्या दोन गोलांवर भारताने नेपाळला २-० हरवलं, काठमांडूत ०-० केलं आणि गटात प्रवेश मिळवला. आता एकाच मोसमात दोनाचे दहा सामने झाले. इथे कुणी विचारेल, त्यातून मिळालं काय? प्रश्न रास्त आहे. इराण, ओमान, तुर्कमेनिस्तान आणि ग्वामच्या गटात भारत आठ सामन्यांत तीन गुण घेऊन तळाला राहिला, आणि जेमतेम पावणेदोन लाख वस्तीच्या ग्वामनेही त्याला २-१ हरवलं. पण आशियाई महासंघाने तेव्हाच विश्वचषक आणि आशिया चषक यांच्या पात्रता फेऱ्या एकत्र गुंफल्या होत्या, म्हणून तळाला राहूनही भारताचं खेळणं थांबलं नाही. तोच संघ पुढची पायरी चढून २०१९च्या आशिया चषकात पोहोचला आणि तिथे थायलंडला ४-१ हरवलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दोह्यात, आशियाचा विजेता असलेल्या कतारला गुरप्रीतसिंग संधूने नव्वद मिनिटं गोल करू दिला नाही. पुढे २०२४मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरून भारताने सगळं ओतून टाकलं, हेही खरं. सामने मिळाले म्हणजे फुटबॉल सुधारतो असं नाही. पण ते मिळालेच नाहीत तर सुधारला की बिघडला हे कळायलाही मार्ग नसतो.

आफ्रिकेतला दाखला याहून बोलका आहे. कोमोरोस हा दहा लाखांहूनही कमी वस्तीचा द्वीपदेश. सप्टेंबर २०१९मध्ये विश्वचषकाच्या पहिल्या फेरीत टोगोशी मोरोनीत १-१, लोमेत ०-२, आणि खेळ खलास. दोन महिन्यांनी आफ्रिका चषकाच्या गटात पुन्हा टोगोच समोर आला. त्याच लोमेत जाऊन कोमोरोसने १-० विजय मिळवला. मार्च २०२१मध्ये टोगोशीच ०-० बरोबरी साधून पहिल्यांदा आफ्रिका चषक गाठला. टोगो त्या गटात शेवटचा. म्हणजे एका फेरीने ज्याला नालायक ठरवलं तोच संघ दुसऱ्या पद्धतीत टोगोहून सरस निघाला. २०२६साठी आफ्रिकेने ही प्राथमिक फेरी काढूनच टाकली आणि सगळ्या संघांचे नऊ गट केले. नोव्हेंबर २०२३मध्ये मोरोनीत कोमोरोसने घानाला १-० हरवलं. अखेर तो गट घानाने जिंकला, तोही शेवटच्या सामन्यात याच कोमोरोसला हरवून.

मग सरसकट सगळ्यांनाच मोठ्यांच्या गटात टाकावं का? इथे मात्र पुरावा उलट बोलतो. कंबोडियाने २०१५ आणि २०१९ अशी दोनदा पहिली फेरी पार केली. २०१५च्या गटात ते आठही सामने हरले. ऑक्टोबर २०१९मध्ये तेहरानच्या आझादी मैदानावर इराणने त्यांना १४-० असं लोळवलं. इतके सामने खेळूनही २०२३मध्ये कंबोडिया पहिल्याच फेरीत पाकिस्तानकडून हरला. भूतानचंही तसंच. क्रमवारीत अगदी शेवटचा, २०९वा असलेल्या या संघाने मार्च २०१५मध्ये श्रीलंकेला कोलंबोत १-० आणि थिंपूत २-१ असं हरवलं आणि एका उडीत १६३वा क्रमांक गाठला. बक्षीस म्हणून पुढच्या गटात कतारकडून १५-० पदरात पडले. पंधरा गोल खाऊन बचावफळी शिकत नाही, फक्त घाबरते. संख्येइतकीच बरोबरीही लागते, आणि म्हणूनच प्राथमिक टप्पा हवा, पण तो गटाचा हवा.

तसा तो झालेलाही आहे, आणि नेमका त्याच अमेरिकन सामोआच्या नशिबी. नोव्हेंबर २०११मध्ये ओशनियाने तळाच्या चार संघांना शेजारच्या सामोआतल्या आपिया इथे एकत्र आणलं. २२ तारखेला अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ हरवलं. फिफाच्या सामन्यातला हा त्यांचा पहिला विजय. गोलमध्ये होता तोच निकी सालापू, ज्याने दहा वर्षांपूर्वी जाळ्यातून ३१ वेळा चेंडू काढला होता. बचावात होती जाइया साएलुआ, विश्वचषक पात्रता सामना खेळलेली पहिली तृतीयपंथी खेळाडू. पण या विजयाहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे घडलं: दोनच दिवसांनी कुक बेटांशी १-१, आणि आणखी दोन दिवसांनी सामोआशी अटीतटीच्या लढतीत ०-१. पाच दिवसांत बरोबरीच्या संघांशी तीन सामने. छोट्या संघटनांना विमानभाडं परवडत नाही, बरेचसे खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात, त्यामुळे दोन सामन्यांची फेरीच सोयीची, असा आक्षेप घेतला जातो. आपियाने त्याचं उत्तर कधीच दिलंय: एकच गाव, एकच मैदान, एकच प्रवास.

ग्वामचं उदाहरण या मांडणीला थोडं छेद देतं, हे कबूल करायला हवं. नोव्हेंबर २०००मध्ये इराणकडून ०-१९ आणि ताजिकिस्तानकडून ०-१६ असा मार खाल्ल्यावर ग्वाम पुढच्या पात्रता फेऱ्यांतून माघार घेत राहिला, आणि परतला तो थेट भारताला हरवणारा संघ होऊन. अमेरिकेत वाढलेल्या, ग्वामशी नातं असलेल्या खेळाडूंना प्रशिक्षक गॅरी व्हाइट यांनी गोळा केलं होतं. इंडोनेशियाचंही तेच. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रुनेईला दोन्ही वेळा ६-० हरवून निघालेला तो संघ २०२५मध्ये चौथ्या फेरीपर्यंत गेला, पण नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या खेळाडूंच्या बळावर. परदेशात आपली माणसं असलेल्या देशाला ही पळवाट आहे. भूतानला ती कुठून आणायची?

आणि तरीही आशियाने पाऊल टाकलं ते उलट दिशेने. विश्वचषक ३२ संघांवरून ४८वर गेला, आशियाच्या थेट जागा आठ झाल्या, आणि पहिल्या बाद फेरीतले संघ मात्र १२वरून २० झाले. वरचा दरवाजा रुंद करताना खालचा अरुंद केला. हरलेल्यांना आशिया चषकाची वाट उघडी राहते, हे महासंघाचं उत्तर खोटं नाही. पण विश्वचषक म्हणून जे काही असतं ते त्या दहा देशांसाठी १२ ते १७ ऑक्टोबर २०२३ एवढंच होतं. त्यात भूतानही होता. हाँगकाँगमध्ये ०-४ हरून आलेल्या या संघाने १७ तारखेला थिंपूत हाँगकाँगला २-० हरवलं, आणि एकूण २-४ अशा फरकाने बाद झाला.