विसरणे हा वेडेपणा नव्हे

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात दर्यापूर तालुक्यात कपाशीची पाहणी करून एका ओळखीच्या घरी चहाला थांबलो. त्या घरच्या वहिनींवर मुंबईच्या टाटा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले होते. मंडळी दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरली होती. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. मुंबईतही वऱ्हाडच्या माणसाला त्यांचाच आसरा!

वहिनींनी चहात दोनदा साखर घातली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "साहेब, मले काहीच ध्यानात राहत नाई. मी पागल झाली का?" मालक म्हणाले, "मजुरीचा हिशेब आता मीच पाहतो. हिच्या हातून चुकते."

शेतकरी बंधू-भगिनींनो, तणनाशकाने तण मरते, पण कधी कधी पीकही काही दिवस पिवळे पडते. केमोचेही काहीसे तसेच आहे. उपचारानंतर अनेकांना नावे आठवत नाहीत, शब्द सुचत नाहीत, दोन कामे एकदम जमत नाहीत. थकवा, अपुरी झोप, रक्त कमी असणे, मनाची काळजी आणि काही औषधे यांनी त्रास वाढतो. बहुतेकांना काही महिन्यांत फरक पडतो. काहींना वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हा आळस नव्हे, वेडही नव्हे.

मग घरच्यांनी काय करावे? एका वेळी एकच काम सांगावे. किल्ली, चष्मा, औषधे यांची जागा ठरवून टाकावी. खिशात छोटी वही ठेवावी आणि काम झाले की त्यावर खूण करावी. लिहिता येत नसेल तर मुलांनी चित्र काढून द्यावे. डोक्याचे काम सकाळी, ताजेतवाने असताना करावे. रोज झेपेल तेवढे चालावे, झोप पुरी घ्यावी. फवारणीचे औषध मोजण्याचे काम मात्र सध्या दुसऱ्याने करावे. तिथली चूक जिवावर बेतते.

हा त्रास डॉक्टरांना जरूर सांगावा. रक्त, थायरॉईड, बी-१२ यांच्या तपासणीत कधी कधी दुरुस्त होणारे कारण सापडते. त्यांना विचारल्याशिवाय चालू गोळ्या बंद करू नयेत. विसरणे एकाएकी वाढले, झटका आला, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाच्या हातचे सारेच काम काढून घेऊ नये. काम गेले की धीर जातो. त्याऐवजी काम सोपे करून द्यावे.

दिवाळीनंतर पुन्हा त्या घरी गेलो. ओट्यावर कापूस मोजणे चालले होते. वहिनी एकेका बाईचे नाव विचारून वहीत किलो लिहीत होत्या. शेजारी बसलेली मुलगी बेरीज तपासत होती. मालक नुसतेच काटा धरून उभे होते.