माइसेन वाडग्याची पारख

माइसेन वाडगा म्हणजे जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात माइसेन या गावी घडविलेला चिनी मातीचा शोभिवंत वाडगा. अठराव्या शतकात चहा-कॉफीच्या संचात असा एक वाडगा असे. पेल्यांच्या तळाशी उरलेला चहा त्यात ओतून टाकीत. पुढे संच विखुरले आणि हे वाडगे एकेकटे लिलावात येऊ लागले. वय आणि मोल ठरविताना नवखा माणूस प्रथम वाडगा पालथा करून तळाची खूण पाहतो. जाणकार आधी माती पाहतो, मग रंग व सोने, आणि खूण सर्वांत शेवटी. कारण नक्कल करण्यास खुणेइतके सोपे दुसरे काही नाही.

माती

सोने बनवून देण्याचा दावा करणारा किमयागार योहान फ्रीडरिश ब्योटगर याला सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस द स्ट्राँग याने नजरकैदेत ठेवले होते. सोने झाले नाही. मात्र चिर्नहाउस या शास्त्रज्ञासह केलेल्या प्रयोगांतून कठीण चिनी माती साधली आणि १७१० मध्ये माइसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना निघाला. ही माती केओलिनयुक्त असून सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. काचेसारखा वरचा लेप तिच्याशी एकजीव होतो. त्यामुळे टवका उडालेल्या जागी आतला भाग गुळगुळीत व चकचकीत दिसतो. फ्रान्समधील सेव्हर येथील जुन्या मऊ मातीच्या भांड्यांत तो रवाळ असतो. टिचकी मारल्यास अखंड वाडगा स्वच्छ नाद देतो, तडा गेलेला बद्द वाजतो. बुडाच्या कडेवरील झीजही पाहावी. खरी झीज कमीजास्त असते, घासून आणलेली झीज सगळीकडे सारखी.

रंग आणि सोने

१७२० मध्ये योहान ग्रेगोरिउस हेरोल्ट माइसेनला आला आणि तेथील रंगकामाला निराळे तेज आले. चित्राची शैली आणि सांगितलेला काळ यांचा मेळ बसला पाहिजे. भट्टीतून निघतानाच झगझगीत दिसणारे द्रवरूप सोने १८३० च्या सुमारास प्रचारात आले. अठराव्या शतकातील म्हणून दाखविलेल्या वाडग्यावर ते आढळल्यास निदान मुलामा तरी नंतरचा आहे, हे नक्की.

तळाची खूण

सॅक्सनीच्या राजचिन्हातून घेतलेल्या दोन एकमेकींना छेदणाऱ्या निळ्या तलवारी १७२० नंतरच्या काही वर्षांत रूढ झाल्या. म्हणून ‘१७१५ चा’ असे सांगून दाखविलेल्या वाडग्यावर तलवारी असल्या तर ती खूण पुराव्याऐवजी शंकेचे कारण ठरते. मुठींमधील ठिपका साधारण १७६३ ते १७७४ चा, तर मुठींजवळचा तारा १७७४ ते १८१४ या मार्कोलिनीच्या कारकिर्दीतील मानतात. खूण सहसा लेपाखाली असते, बोटाला लागत नाही. पण एवढ्यावर विसंबू नये. इंग्लंडमधील वूस्टर कारखान्यानेही अठराव्या शतकात अशा तलवारी काढल्या, आणि पॅरिसच्या सॅमसन या प्रसिद्ध नक्कलकारांनी एकोणिसाव्या शतकात तलवारींशी मिळतीजुळती चिन्हे वापरली. ड्रेस्डेनमध्ये हेलेना वोल्फसोन यांच्या व्यवसायातील भांड्यांवर तर ऑगस्टसची राजमुद्रा ‘एआर’ सर्रास आढळते.

तलवारींवर आडवी खाच कापलेली असेल तर भांडे दुय्यम दर्जाचे ठरले किंवा न रंगविता विकले गेले, असा तिचा अर्थ होतो. अशा वेळी वाडगा अस्सल असूनही चित्र बाहेरच्याचे असू शकते आणि किंमत बरीच उतरते. अपवाद आउग्सबुर्गसारख्या ठिकाणी घरी रंगकाम करणाऱ्या अठराव्या शतकातील चित्रकारांचा. त्यांचे काम संग्राहक आवर्जून शोधतात.

डागडुजी आणि पूर्वीची मालकी

केसाएवढी चीर किंवा पुन्हा रंगविलेली कड साध्या उजेडात दिसेलच असे नाही. अतिनील दिव्याखाली नवा रंग व डिंक अनेकदा वेगळे चमकतात. तपासणीपूर्वी वाडगा गरम पाण्यात धुऊ नये. जुना जोड सुटण्याचा धोका असतो.

मालकीचा माग लागल्यास मोल वाढते. ऑगस्टसच्या ड्रेस्डेन येथील संग्रहाची यादी १७२१ मध्ये सुरू झाली आणि त्यातील भांड्यांवर क्रमांक कोरून काळे केलेले आढळतात. सॅक्सन चिनी मातीसाठी क्रमांकापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर असे. या संग्रहातील काही भांडी १९१९ व १९२० मध्ये बर्लिनला लिलावात विकली गेली, म्हणून असा क्रमांक खासगी घरातील वाडग्यावरही मिळू शकतो.